वाफसा न आलेलं वर्ष

मातीचं ढेकूळ मुठीत दाबायचं आणि कमरेच्या उंचीवरून सोडून द्यायचं. खाली पडून फुटलं तर वाफसा आला, औत घाला. थपकन पडून चपटं झालं तर बैल परत गोठ्यात. काळ्या रानात वाढलेल्या कुठल्याही माणसाला ही परीक्षा शिकवावी लागत नाही. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातला मका पिकवणारा शेतकरीही माती अशीच मुठीत दाबून पाहतो. त्याची काळी माती आपल्या काळ्या मातीच्या नात्यातली नाही. आपली बहुतांश बेसाल्ट झिजून झालेली. त्यांची, हिमयुगातल्या गाळावर हजारो वर्षं गवत वाढून कुजून काळी झालेली. पण एकदा चिबडली की दोघींचा हट्ट सारखाच.

१९९३ च्या वसंतात आयोवातलं ढेकूळ फुटेना. एप्रिल सरला, मे सरत आला, तरी कित्येक शेतांत ट्रॅक्टर घालण्याजोगा वाफसा नव्हता. नदीकाठच्या गावांत तेव्हा पुराची भाषा कुणी फारशी करत नव्हतं. चर्चा होती ती लांबलेल्या पेरणीची. पुढे मिसिसिपी आणि मिसूरी नद्यांच्या खोऱ्यांत जो महापूर आला त्याची बातमी खरं तर या लांबलेल्या पेरणीतच होती, पण ती कृषिवार्तांच्या पानावर छापून आली.

मागे जायचं तर १९९२ च्या उन्हाळ्यापर्यंत जावं लागतं. आदल्या वर्षी, जून १९९१ मध्ये, फिलिपिन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी फुटला होता आणि त्याच्या धुराळ्यानं जगाचं तापमान थोडं खाली आलं होतं. अमेरिकेच्या मध्यभागात १९९२ चा उन्हाळा चांगलाच थंड गेला. ऊन कमी म्हणजे वाफ कमी. पिकानं उपसायचं पाणी जमिनीतच राहिलं. त्यावर पानगळीच्या दिवसांत पाऊस पडत राहिला, मग बर्फ, मग गोठलेली जमीन. हिवाळ्यात गोठलेल्या जमिनीतली ओल कुठेच जात नाही, पेटीत कुलूप लावून ठेवल्यासारखी राहते. मार्चमध्ये कुलूप उघडलं तेव्हा पेटी काठोकाठ भरलेली होती, आणि वरून वसंतातला पाऊस सुरू झाला.

पेटी किती मोठी असते? चांगल्या काळ्या जमिनीच्या पाच फूट थरात पिकाला घेता येईल असं सुमारे दहा इंच पाणी मावतं. एका एकरावर एक इंच पाणी म्हणजे साधारण एक लाख लिटर. म्हणजे एका एकराच्या पोटात दहा लाख लिटरांची जागा. कोरड्या वर्षात जूनमध्ये चार इंचांचा पाऊस झाला तर त्यातला बराचसा भाग जमीन गिळून टाकते, ओढ्याला थोडंफार गढूळ पाणी येतं आणि विषय संपतो. तोच पाऊस भरलेल्या जमिनीवर पडला की उरतं ते सगळं ओढ्याचं. पाऊस तोच, ढग तेच, पूर मात्र वेगळा. नदीच्या पुराची गोष्ट आपण नदीपाशी सुरू करतो, धरणापाशी सुरू करतो, फार तर ढगापाशी. शेतापाशी सुरू करणारा क्वचितच भेटतो.

यात माणसाचाही हात होता. आयोवाचा उत्तर भाग मुळात पाणथळ. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तिथल्या शेतकऱ्यांनी जमिनीखाली भाजक्या मातीच्या नळ्या पुरून रान निचऱ्याचं केलं. त्याशिवाय तिथे आजचा मका उभाच राहिला नसता, हे मान्य. पण पाणी साठवून ठेवणारी डबकी, तळी, दलदली त्या नळ्यांनी जवळपास सगळ्या संपवल्या आणि तिथलं पाणी ओढ्याच्या वाटेला लावलं. या गोष्टीचा १९९३ च्या पुरात नेमका वाटा किती, यावर नंतर बराच वाद झाला. महापुराइतक्या मोठ्या घटनेत तो कदाचित फार नसेल, पण तो शून्य होता असं म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

जूनमध्ये आभाळानं ठाण मांडलं. आग्नेयेकडे अटलांटिकच्या बाजूला उच्च दाबाचा डोंगर हलायला तयार नव्हता, पश्चिमेला वरच्या थरातल्या वाऱ्यांची दरी हलायला तयार नव्हती. या दोघांच्या मधल्या बोळातून मेक्सिकोच्या आखातातली दमट हवा रात्रीच्या रात्री उत्तरेकडे ओतली जात होती. अमेरिकेच्या या मध्यभागात, म्हणजे मिडवेस्टात, उन्हाळ्यातला बराच पाऊस रात्री पडतो. त्या जून-जुलैत माणसं सकाळी उठायची ती अंगणात कालच्यापेक्षा जास्त पाणी बघायलाच. त्याच दिवसांत जॉर्जिया आणि कॅरोलायनात दुष्काळ होता. एकाच देशात, एकाच नकाशावर, एका बाजूला पिकं करपत होती आणि दुसऱ्या बाजूला कुजत होती. जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत पूर्व-मध्य आयोवात ३८ इंचांपर्यंत पाऊस मोजला गेला. कोकणातल्या माणसाला हा आकडा ऐकून हसू येईल, पण तिथे एवढा पाऊस वर्षभरात पडला तरी ते वर्ष सरासरीपेक्षा बरं समजतात.

११ जुलैला आयोवातल्या डे मॉइन शहरात रकून नदी पाणीपुरवठा केंद्राच्या बांधावरून आत शिरली. पंप बुडाले. सुमारे अडीच लाख लोकांचे नळ जवळपास बारा दिवस कोरडे राहिले, आणि ते पाणी पिण्याजोगं व्हायला आणखी काही दिवस गेले. शहराच्या चारी बाजूंना पाणी, आणि माणसं बादल्या घेऊन टँकरपुढे रांगेत.

दुसऱ्या दिवशी मिसूरी राज्यातल्या हार्डिन या लहानशा गावात मिसूरी नदी दफनभूमीत घुसली. प्रवाहानं तिथली जमीनच खरवडून नेली आणि जिथे थडगी होती तिथे खोल तळं झालं. सातशेहून जास्त शवपेट्या आणि त्यांच्याभोवतीची काँक्रीटची कवचं वाहून गेली. काही मक्याच्या शेतात सापडली, काही झाडांत अडकलेली, काही कित्येक मैल लांब. गावकऱ्यांना बसून आठवावं लागलं की आजीला पुरताना अंगावर कुठला पोशाख होता, आजोबांच्या बोटात अंगठी होती की नव्हती. बऱ्याच पेट्या परत मिळाल्या, पण नावानिशी ओळख पटली ती थोड्यांचीच. उरलेल्यांना निनावी पुन्हा पुरलं. १९९३ च्या पुराचे आकडे मोठे आहेत. नऊ राज्यं, सुमारे पन्नास बळी, अंदाजे १५ अब्ज डॉलरचं नुकसान, हजाराहून अधिक बांध फुटलेले किंवा पाण्याखाली गेलेले. पण या सगळ्यांपेक्षा हार्डिनची ती दफनभूमी माझ्या डोक्यातून जात नाही. माती भिजून सुटली की ती काय काय सोडून देते, याचा हिशेब आकड्यांत बसत नाही.

बांधही मातीचेच होते, हे इथे सांगायला हवं. शेतकऱ्यांनी आणि स्थानिक संस्थांनी घातलेले बरेचसे बांध काही दिवसांच्या पुरासाठी होते, काही महिन्यांच्या नव्हे. पाणी वरून गेलं तर बांध जातो हे सगळ्यांना कळतं. पाणी आठवडेच्या आठवडे टेकून राहिलं की बांध आतून भिजतो, पलीकडच्या बाजूला जमीन उपळायला लागते, बुडबुडे येतात, वाळू उकळल्यासारखी वर येते आणि मग एका रात्री तो बसतो. सेंट लुईसपाशी मिसिसिपी १ एप्रिल ते ३० सप्टेंबर या काळात १४४ दिवस धोक्याच्या पातळीवर होती. १ ऑगस्टला तिनं ४९.५८ फूट गाठले. तिथे ३० फुटांवर पूर धरतात आणि १९७३ चा जुना उच्चांक ४३ फुटांच्या थोडा वर होता. शहराची पूरभिंत ५२ फुटांची, म्हणून शहराचा मध्य वाचला. दक्षिणेकडच्या भागात प्रोपेन वायूच्या पन्नासएक टाक्या पाण्यावर तरंगायला लागल्या तेव्हा हजारो लोकांना घरं सोडावी लागली. त्याच सुमाराला नदीच्या इलिनॉयकडच्या काठावर व्हालमायर हे सुमारे नऊशे वस्तीचं गाव बुडालं. त्या लोकांनी नंतर गावच उचललं आणि दोनएक मैल लांब, चारशे फूट उंच कड्यावर नेऊन नवं वसवलं.

पाणी ओसरल्यावर एक वेगळाच प्रश्न वर आला. ओल्या जमिनीनं पूर वाढवला हे उघडच होतं. पण ओल्या जमिनीनं पाऊसही वाढवला का?

या प्रश्नाला त्या मुलखात एक लाजिरवाणा इतिहास आहे. १८७० नंतर नेब्रास्का, कॅन्ससच्या कोरड्या पठारावर वसाहत वाढत होती. योगायोगानं ती वर्षं पावसाची होती. नेब्रास्का विद्यापीठातले प्राध्यापक सॅम्युएल ऑगी यांनी १८८० मध्ये सिद्धान्त मांडला तो असा: हजारो वर्षं तुडवलेलं गवताळ रान पाणी पीत नाही, नांगरलं की माती स्पंजासारखी पाणी शोषते, मग ते हळूहळू वाफ होऊन वर जातं आणि पुन्हा पाऊस पडतो. पुढच्याच वर्षी चार्ल्स डेना विल्बर यांनी त्याला घोषणेचं रूप दिलं, की नांगर पुढे आणि पाऊस त्याच्या मागे. रेल्वे कंपन्यांना आणि जमिनीच्या दलालांना आणखी काय हवं होतं? भूशास्त्रज्ञ जॉन वेस्ली पॉवेल यांनी त्याआधीच, १८७८ च्या आपल्या अहवालात, बजावलं होतं की वर्षाला वीस इंचांच्या आत पाऊस असलेल्या प्रदेशात पाटपाण्याशिवाय शेतीचा भरवसा धरू नका. त्यांचं ऐकायला कुणाला सवड नव्हती. १८९० च्या दशकात दुष्काळ आला, हजारो कुटुंबं गाडे जुंपून परत फिरली. १९३० च्या दशकात नांगरलेली तीच माती धुळीची वादळं होऊन आकाशात गेली.

त्यानंतर जमिनीतल्या ओलीमुळे पाऊस पडतो असं म्हणणं म्हणजे दलालाची भाषा बोलणं झालं. १९३७ मध्ये बेंजामिन होल्झमन यांनी अमेरिकेच्या कृषी खात्यासाठी लिहिलेल्या पत्रकात दाखवलं की जमिनीवरून निघालेली बरीचशी वाफ कोरडी हवा आपल्यासोबत लांब घेऊन जाते, ती तिथल्या तिथे पडत नाही. अनेक वर्षं हेच शेवटचं उत्तर मानलं गेलं.

दार पुन्हा किलकिलं केलं ते संगणकानं. १९८२ मध्ये जगदीश शुक्ला, उत्तर प्रदेशातल्या बलिया जिल्ह्यातल्या खेड्यातून अमेरिकेत गेलेले हवामानशास्त्रज्ञ, आणि येल मिंट्झ यांनी पृथ्वीच्या वातावरणाचं गणिती प्रारूप दोनदा चालवलं. एकदा सगळी जमीन कायम ओली धरून, एकदा सगळी कोरडीठाक धरून. दोन्हींत पाऊस, तापमान, हवेचा दाब यांत एवढा फरक पडला की जमिनीला नुसती खालची फरशी समजणं यापुढे शक्य नव्हतं. मात्र सगळी पृथ्वी ओली किंवा सगळी कोरडी ही कल्पनेतली गोष्ट. खऱ्या उन्हाळ्यात, खऱ्या जमिनीवर काय होतं?

१९९३ नं ती परीक्षा आयती हातात दिली. इंग्लंडमधल्या रेडिंग इथे युरोपीय देशांचं मिळून चालणारं हवामान अंदाज केंद्र आहे. त्यांच्या तोवरच्या प्रारूपात जमिनीचा तळाचा थर ठरलेला असे: त्या महिन्यात सरासरी जेवढी ओल, तेवढी इथे धरा. त्यामुळे वरची माती काही दिवसांत सरासरीकडे ओढली जाई. आयोवात ट्रॅक्टर रुतत होते आणि प्रारूपाच्या कागदावर मात्र नेहमीचा जुलै होता. केंद्रात त्याच वेळी नवी पद्धत तयार होत होती. तिच्यात मातीचे चार थर होते आणि प्रत्येक थर आपल्या पाण्याचा जमाखर्च स्वतः ठेवत होता. अँटन बेल्यार्स, पेद्रो व्हितेर्बो, मार्टिन मिलर आणि ॲलन बेट्स यांनी जुलै १९९३ चे अंदाज दोन्ही पद्धतींनी काढून पाहिले. नव्या पद्धतीनं पाऊस कितीतरी अधिक खरा दाखवला. मग त्यांनी नव्या पद्धतीतच जमीन एकदा ओली आणि एकदा कोरडी ठेवून बघितलं. कोरड्या जमिनीवर तो पाऊस पुष्कळच घटला.

याचं कारण मात्र ऑगींच्या स्पंजाहून वेगळं निघालं, आणि मला हा या सगळ्या कथेतला सगळ्यात सुंदर भाग वाटतो. शेतातली वाफ वर जाऊन त्याच शेतावर पडते, असं ते नव्हतं. ऊन जमिनीवर पडलं की त्याची उष्णता दोन कामांत वाटली जाते. माती ओली असेल तर बरीचशी वाफ करण्यात खर्च होते आणि हवा फारशी तापत नाही. माठातलं पाणी थंड राहतं ते याच हिशेबानं. माती कोरडी असेल तर सगळी उष्णता हवेला मिळते. १९९३ च्या पूरग्रस्त भागावर येणाऱ्या हवेचा वरचा थर नैऋत्येकडून, मेक्सिकोच्या पठाराच्या बाजूनं यायचा. वाटेतली जमीन कोरडी असेल तर हा थर तापून येतो आणि खालच्या दमट हवेवर पातेल्याच्या झाकणासारखा बसतो. खाली कितीही वाफ असो, झाकण उचललं जात नाही आणि ढग चढत नाहीत. वाटेतली जमीन ओली असली की झाकण हलकं राहतं. म्हणजे आयोवातल्या पावसाचा निकाल आयोवाच्या मातीत लागत नव्हता. तो लागत होता वाऱ्याच्या उलट दिशेला, साधारण एका दिवसाच्या वाटेवर असलेल्या मातीत.

हे सगळ्यांना पटलं असं नाही. जॅन पेगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रारूपात उलटंच घडलं: जमीन कोरडी असली की रात्रीचा दक्षिणेकडून येणारा वारा जोर धरतो, आखातातली वाफ जास्त येते आणि पाऊस वाढतो. फिलिप्पो जॉर्जी यांच्या गटानं १९८८ चा दुष्काळ आणि १९९३ चा पूर शेजारी ठेवून पाहिले. १९८८ च्या जुलैत याच मिसिसिपीत मेम्फिसपाशी इतकं कमी पाणी होतं की मालवाहू तराफे गाळात अडकले होते. गटाचा निष्कर्ष असा की दोन्ही वेळी सूत्रं हलवली ती दूरच्या मोठ्या वाऱ्यांनी, जागेवरच्या ओलीचा वाटा थोडा.

मग प्रत्यक्ष मोजमापाकडे जाणं आलं. सुदैवानं इलिनॉय राज्यात एक कंटाळवाणं काम १९८१ पासून कुणीतरी इमानानं चालू ठेवलं होतं. एकोणीस ठिकाणी जमिनीत नळ्या पुरलेल्या, त्यांत न्यूट्रॉनचं उपकरण सोडून दोन मीटर खोलीपर्यंतची ओल मोजायची. हिवाळ्यात महिन्याला एकदा, पिकाच्या दिवसांत दोनदा. पुराची भविष्यवाणी करायला हे कुणी सुरू केलं नव्हतं. १९९७ मध्ये कर्स्टन फिंडेल आणि मूळचे सुदानचे एल्फातिह एल्ताहिर यांनी त्या नोंदी पावसाशी ताडून पाहिल्या. उन्हाळ्यातली ओल आणि त्यापुढच्या तीन आठवड्यांतला पाऊस यांत नातं दिसलं. ते घट्ट नव्हतं आणि वर्षभर टिकणारंही नव्हतं, पण नजरेआड करण्यासारखंही नव्हतं.

२००४ मध्ये रँडल कोस्टर यांनी बारा गटांची प्रारूपं एकत्र आणून जगाचा नकाशा काढला: मातीची ओल उन्हाळी पावसावर कुठे वजन टाकते? नकाशावर ठळक डाग मोजकेच होते. उत्तर अमेरिकेचं मधलं मैदान, आफ्रिकेतला साहेल, विषुववृत्तीय आफ्रिका. आणि भारत. ज्या प्रदेशात फार कोरडं नाही आणि फार ओलंही नाही, तिथे मातीच्या शब्दाला किंमत असते. वाळवंटात वाफ व्हायला पाणीच नसतं, आणि सदा ओल्या प्रदेशात पाणी थोडं कमीजास्त झालं तरी वाफ तेवढीच होते.

आपल्या मोसमी पावसाची मुख्य वाफ समुद्रावरून येते, हे खरंच. पण २०१३ मध्ये भारतीय आणि अमेरिकी अभ्यासकांनी बंगालच्या उपसागरातून येणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांचा माग काढला तेव्हा दिसलं की आधी भिजलेल्या जमिनीवरून जाताना ती अधिक आतपर्यंत शिरतात. समुद्र मागे राहिला तरी ओली जमीन त्यांना थोडा शिधा देत राहते. आणि पावसाचं राहू द्या, पुराच्या बाबतीत तर आपला अनुभव ताजा आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. त्यानंतरची सगळी भांडणं धरणाच्या दारांवरून झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण जुलैअखेरीच्या पावसानं कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यातलं रान आधीच तुडुंब झालं होतं, ऑगस्टच्या पावसाला मुरायला जागा नव्हती, ही गोष्ट चर्चेत कोपऱ्यातच राहिली.

त्याच वर्षी तिकडे मिडवेस्टही पुन्हा भिजलं होतं. जुलै २०१८ ते जून २०१९ हे बारा महिने अमेरिकेच्या मुख्य भूमीवरच्या तोवरच्या नोंदीतले सर्वांत ओले ठरले. मार्चमध्ये नेब्रास्कात गोठलेल्या, पाण्यानं भरलेल्या जमिनीवर पाऊस पडला, बर्फ वितळला आणि नायोब्रारा नदीवरचं स्पेन्सर धरण फुटलं. जूनमध्ये सेंट लुईसपाशी मिसिसिपी ४६ फुटांपर्यंत चढली. तिथल्या मापपट्टीवर त्याहून वरची खूण एकच आहे, १ ऑगस्ट १९९३ ची. रेडिंगच्या केंद्रात मातीचे चार थर मोजणारी नवी पद्धत रोजच्या अंदाजांसाठी लागू झाली तीही १९९३ च्या ऑगस्टमध्येच, नदीनं ती खूण गाठली त्याच महिन्यात.